दीड इंच माया

अक्का, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला तुमची धाकटी वाचून दाखवेल. तुमची शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी बोलता ठसक्यात, पण वाचायचं म्हटलं की तुमचा चष्मा कधी सापडत नाही. माझ्या बाळंतपणात तुम्ही शिवून दिलेल्या कपड्यांबद्दल समोर येऊन आभार मानायचे तर तुम्ही "आधी चहा घे की" म्हणून विषयच मोडता. दोनदा करून बघितलं. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. सोलापूरच्या भद्रावती पेठेतल्या तुमच्या गल्लीत हे कुणी वाचलं आणि तुम्हाला चिडवलं, तर माझं नाव सांगा.

आईनं तुम्हाला बोलावलं होतं ते बारशाच्या ब्लाऊजसाठी. मला सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नव्हता, म्हणून एप्रिलच्या भर दुपारी गळ्यात टेप अडकवून तुम्हीच जिना चढून आलात. लेक 16 दिवसांची होती. आईनं रेशमी ब्लाऊज पुढं केला, पण तुमचं लक्ष ब्लाऊजकडे गेलंच नाही. तुम्ही वाकून लेकीचा गाल बघितलात आणि म्हणालात, "हे काय लागलंय लेकराला?"

बारीक लाल ओरखडा होता. मला वाटलं होतं, तिचंच नख लागलं असेल. तुम्ही माझ्या गाऊनची चेन दोन बोटांत धरलीत, वरखाली केलीत आणि तिचा पत्र्याचा दाता मला दाखवलात. गाऊन मी सातव्या महिन्यातच ऑनलाइन मागवला होता, 1,200 रुपयांना एक असे दोन. फोटोतल्या बाईचे केस इस्त्री केल्यासारखे होते आणि तिच्या गाऊनवर दुधाचा एक थेंब नव्हता. कापड पॉलिस्टर. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा 43-44 ला टेकलेला, त्यात बाळंतिणीची खोली, खिडक्या लावलेल्या, कानाला रुमाल. रात्री दोन वाजता मी पाण्यातून काढल्यासारखी भिजायचे. मला ताप वाटायचा. डॉक्टरांनी सांगितलं, ताप नाही, गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी शरीर बाहेर टाकतंय, हार्मोन्सही उतरलेत, काही आठवडे हे चालायचंच. तुम्ही हे काही शिकला नव्हतात. नुसतं कापड चुरगाळून नाकाशी नेलंत आणि म्हणालात, "हे पुसायला पण कामाचं नाही."

मग तुम्ही माप घेतलंत. त्या मापाबद्दलच खरं तर लिहायचंय.

माझ्या लग्नाच्या वेळी एका टेलरकडे माप दिलं होतं, तो आकडे मोठ्यानं म्हणायचा, पोरगा लिहायचा आणि दुकानातली दहा माणसं ऐकायची. तुम्ही टेप लावायच्या आधी विचारलंत, "टाके कुठंयत?" सिझेरियनचे टाके आडवे, ओटीपोटाच्या अगदी खाली असतात, नेमके सलवारीची नाडी आणि गाऊनखालच्या इलास्टिकच्या वाटेवर. आठ दिवस मी वाकून चालत होते, ते दुखण्यापेक्षा इलास्टिकच्या भीतीनं. तुम्ही टेप बेंबीच्या वर चार बोटं धरलात आणि आकडा न बोलता वहीत लिहिलात. नावापुढे तारीख टाकलीत. मी विचारलं, तारीख कशाला? तर म्हणालात, "हे माप आजचं हाय. पुढच्या महिन्यात तू दुसरीच असशील, तवा परत घेऊ."

अक्का, त्या पंधरा दिवसांत मला भेटायला आलेल्या प्रत्येक बाईनं माझ्या पोटाकडे बघितलं होतं. "अजून एक आहे की काय आत?" असा विनोदही करून झाला होता. गर्भाशय मूळ आकाराला यायलाच सहा आठवडे लागतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण माहीत असून उपयोग काय? कपाटातले सगळे कपडे जुन्या मापाचे होते आणि गाऊन तंबूच्या मापाचे. आज मी जशी होते, तशी घातल्यावर बरी दिसेल अशी एक वस्तू घरात नव्हती. तुमच्या वहीतली ती तारीख बघून पहिल्यांदा वाटलं की हे कुणीतरी नुसतं लिहून ठेवलंय, बोट दाखवून नाही.

गणवेशाच्या कारखान्यात तुम्ही 14 वर्षं मशीनवर बसलात. सोलापूरचे गणवेश देशभर जातात, हे आम्हाला अभिमानानं सांगायला बरं वाटतं, पण ते कसे शिवतात याचा कधी विचार केला नव्हता. तुम्ही समजावलंत की पोरं वाढणार म्हणून शिलाईत माया, म्हणजे आत दाबलेलं जादा कापड, जास्त ठेवायची, खाली दुमड मोठी ठेवायची, कमरेला आतून जादा बटण लावायचं. "तुझं उलटं. पोरं वाढत्यात, तू उतरणार. पण कधी उतरशील, किती उतरशील, काय ठाऊक? म्हणून दोन्हीकडनं दीड इंच माया ठेवते." आणि माझ्या पहिल्या कुर्त्याला खरंच दोन्ही कुशींत दीड-दीड इंच कापड आत दाबून टीप मारलीत. ही टीप सैल, लांब टाक्याची, घरीच उसवता येईल अशी. कमरेला इलास्टिक नाहीच. पायजम्याला होजिअरीच्या मऊ कापडाचा हातभर रुंद पट्टा, पोटावर उंच येणारा, आणि नाडी समोर नाही, कुशीला. गडद रंग आईनं सांगितला होता, कारण बाळंतपणानंतरचा स्राव पाच-सहा आठवडे जात नाही आणि फिक्या कापडावर धाकधूक राहते. हे मोठ्यानं कुणी सांगत नाही, म्हणून मी इथं लिहितेय.

आणि तो टॉवेल! तुम्ही तयार कुर्ता घेऊन आलात तेव्हा मी घालून आरशात बघायला लागले, तर म्हणालात, थांब की. दोरीवरचा सोलापुरी टॉवेल ओढलात, त्याची घट्ट गुंडाळी केलीत आणि माझ्या डाव्या हातात दिलीत. "हे लेकरू. रडतंय. रात्रीचे तीन वाजल्यात, लाइट गेल्यात. आता एका हातानं उघड." मी उजव्या हातानं चेन शोधायला लागले. चेन अडकली. टॉवेल खाली पडला. आई हसत होती, तुम्ही हसला नाहीत. चेन काढून टाकलीत तिथंच, कात्रीनं. "दोन हात कुठनं आणतीस?"

दुसऱ्या दिवशी कुर्त्याला दोन थर आले. वरचा थर छातीच्या खालपर्यंत सुटा, काखेजवळ दोन टिचबटणांवर अडकवलेला. आतल्या थराला दोन्ही बाजूंना उभ्या फटी, कडांना मलमलीचा गोट, म्हणजे लेकीच्या गालाला काही टोचायला नको. एक झटका दिला की बटण सुटतं. बाहेरून बघणाऱ्याला तो छातीवर जोड दिलेला, योकवाला साधा कुर्ता दिसतो. आणि खरं सांगू का, छान दिसतो. नवीन बाळ 24 तासांत आठ-बारा वेळा पितं. म्हणजे तो थर दिवसातून किती वेळा उचलला जाणार याचा हिशोब मी कधी केला नव्हता, तुम्ही टीप मारताना केला होता. काखेजवळ दुहेरी टीप आहे, ती मला जुलैत धुताना दिसली.

आजीचं मात्र तुमच्याशी पटलं नाही. तिचं म्हणणं, आम्ही खणाची चोळी घालायचो, पुढं गाठ, वर पदर, सैल करायची की घट्ट ते आपल्या हातात, एवढी नाटकं कशाला? आणि ती बरोबरच होती. पुढून गाठीची चोळी म्हणजे बाळंतिणीसाठीच शिवल्यासारखी. आम्हीच मागं हुक आणून ठेवले. तुम्ही वाद घातला नाहीत. बारशाचा तो रेशमी ब्लाऊज उसवलात, मागचे हुक पुढं आणलेत, मुंढा सैल केलात आणि मागची भोकं झाकायला आजीच्याच जुन्या इरकल साडीचा गोमी नक्षीचा काठ उभा लावलात. आजीनं तो काठ ओळखला. काही बोलली नाही. पण बारशात येईल त्या बाईला माझी पाठ फिरवून दाखवत होती.

रुमालाचंही तुम्हीच मिटवलंत. कान झाकायचे, हात झाकायचे यावर आई ठाम, उकाड्यानं मी रडकुंडीला. तुम्ही चाटी गल्लीतून मलमल आणायला लावलीत. सैल पूर्ण बाह्या, त्याच कापडाचा डोक्याला रुमाल. आईचं झाकणं झालं, मला वारं लागलं. या एका बाबतीत डॉक्टर, आई आणि मी तिघी एकमतावर आलो, ते त्या अडीच मीटर मलमलीमुळे.

लेकीचं दूध पिणं सुरळीत झालं आणि गळणं सुरू झालं. बाजारातले पॅड वापरून बघितले, उन्हाळ्यात त्याखाली पुरळ आलं. तुम्ही तुमच्या चिंध्यांच्या पोत्यातून टेरी टॉवेलचे तुकडे काढलेत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच्यासाठी नसेल, पण माझ्या हिशोबी याच्यासाठीच. हाताच्या पंजाएवढे गोल, मध्ये टेरी, अंगाकडून आजीच्या जुन्या नऊवारीचं मऊ सूत. "आधी तीनदा धू," म्हणालात, "नव्या टॉवेलात खळ असते, पाणी पीत नाही." मी एकदाच धुतले. पहिल्या दिवशी कुर्ता भिजला. तीनदा म्हणजे तीनदाच, कळलं.

सप्टेंबरच्या अखेरीला रजा संपली. 2017 पासून 26 आठवडे मिळतात म्हणून एवढे दिवस तरी मिळाले, आमच्या मोठ्या बहिणीला 12 आठवड्यांतच जावं लागलं होतं. बँकेत पहिल्याच दिवशी एका खातेदारणीचं तान्हं रडलं आणि माझी लेक घरी झोपलेली असताना इकडे दूध उतरलं. रडणं कुणाचंही असो, शरीर ऐकतं. काउंटरवर मी, समोर रांग. पण अंगात तुमचा निळा, बारीक ठशांचा कुर्ता होता. "साधा फिका रंग घालू नको, डाग बोलतो. ठसा असला की डाग गप्प बसतो," हे तुमचं. खाली टेरीचा पॅड, वर ठसा. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं ते एवढंच, की कुर्ता कुठून घेतलास. मी तुमचा पत्ता दिलाय, येतील त्या. त्यांना घाई असते, त्यांचं ऐकू नका.

पैशांचं राहिलं. एका कुर्त्याचे तुम्ही 250 घेतलेत, पॅडचे काहीच नाहीत, ब्लाऊज उसवून शिवल्याचे "बारशाचा आहेर" म्हणून सोडून दिलेत. माझ्या त्या दोन गाऊनच्या पैशात तुमचे नऊ कुर्ते झाले असते. ते गाऊन आता फरशी पुसायलाही नाहीत, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

एक तक्रारही आहे, ती लिहिली नाही तर तुम्हाला पत्र खोटं वाटेल. हिरव्या कुर्त्याचा गळा मला अजून आवडलेला नाही. तुम्ही म्हणता धुऊन बसेल. सहा वेळा धुतला.

लेक आता सहा महिन्यांची झाली. टिचबटणाचा आवाज तिला पाठ आहे. संध्याकाळी मी दारातून आत येते, पर्स ठेवते, पाय धुते, तोवर ती आजीच्या मांडीवर खेळत असते, माझ्याकडे बघतही नाही. बटण टिच वाजलं की मान गर्रकन वळते. परवा आईच्या पाकिटाचं बटण वाजलं, तरी ती आशेनं तिकडे बघत बसली.

कुशीतली उजवीकडची माया मी ऑगस्टमध्ये उसवून थोडी आत घेतली, डावीकडची तशीच आहे. त्यामुळे कुर्ता जरा वाकडा पडतो. वहीत माझ्या नावापुढे तीन तारखा झाल्यात, चौथीची जागा तुम्ही सोडून ठेवलीय, मी बघितलंय. दिवाळीच्या आधीच्या रविवारी येते. हिरवा कुर्ताही घेऊन येते.

तुमची,
जिन्यावरची बाळंतीण