त्रास नसलेल्या विद्यार्थिनींना अँटिबायोटिक देणे थांबवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

महाविद्यालयांच्या परिसरात माझा दवाखाना आहे. वसतिगृहातल्या मुली लॅबचा रिपोर्ट घेऊन येतात. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही. पण आरोग्य शिबिरात लघवीचे कल्चर (लघवीतले जंतू वाढवून मोजण्याची तपासणी) झाले, त्यात ई. कोलाय हे आतड्यातले जंतू 'मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर' निघाले आणि लगेच गोळ्यांचा कोर्स सुरू झाला. मुलगी घाबरलेली असते, फोनवरची आई त्याहून जास्त.

साहेब, निरोगी तरुण स्त्रियांपैकी साधारण १ ते ५ टक्के जणींच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. अशा मुलींचे मूत्रपिंड त्यामुळे निकामी होत नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की गरोदर नसलेल्या निरोगी स्त्रियांमध्ये हे जंतू शोधूही नयेत, सापडले तर औषधही देऊ नये. इटलीतल्या संशोधकांनी २०१२ साली वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, लक्षणे नसताना अँटिबायोटिक घेतलेल्यांनाच पुढे वर्षभरात जास्त वेळा संसर्ग झाला. निरुपद्रवी जंतू घातक जंतूंना जागा देत नसावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपण तो पहारा उठवतो, आणि वर औषधाला न जुमानणारे जंतू वाढवतो.

सेफिक्झाइमसारख्या अँटिबायोटिकवर २०१४ पासून एच-१ अनुसूचीचे बंधन आहे, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण चिठ्ठी डॉक्टरांनीच लिहिली, तर ते बंधन काय करणार?

गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. तिच्यात हेच जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचण्याचा धोका मोठा असतो, म्हणून तिची तपासणी व उपचार झालेच पाहिजेत. तिथे काटकसर नको.

म्हणून विनंती अशी की महाविद्यालयीन शिबिरांसाठी परिपत्रक काढावे. लक्षणे नसलेल्या, गरोदर नसलेल्या विद्यार्थिनींचे लघवीचे कल्चर सरसकट करू नये. ज्यांना लघवीला जळजळ, ताप किंवा कंबरदुखी आहे, त्यांना मात्र डॉक्टरांकडे त्याच दिवशी पाठवावे. कल्चरचे वाचलेले पैसे स्वच्छतागृहांवर खर्च व्हावेत. घाणेरड्या, कडी नसलेल्या स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी रोज पाहते. त्यांच्यासाठी पाणी, कडी आणि रोजची सफाई एवढे तरी या शैक्षणिक वर्षात व्हावे.

आपली विश्वासू,
एक डॉक्टर