सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या अण्णांना, एका पिकअपवाल्याकडून

अण्णा, सप्रेम नमस्कार.

पैसे चुकते केले की व्यवहार मिटतो, पण माझ्या पिकअपच्या मागं स्टेपनी टांगायला तुम्ही जो फिरता दांडा बसवून दिलात, ते काम त्या पैशांत मिटणारं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. पिकअपवर पोट असणाऱ्या माझ्या भागातल्या भावांनी तर नक्की वाचावं.

माझी अडचण तशी नवी नव्हती. स्टेपनी हौद्याखाली, मागच्या अंगाला साखळीवर टांगलेली. मंगळवेढ्याकडची काळी माती पावसाळ्यात तिथं अशी लिंपून बसते की वाळल्यावर साखळी हलायचं नाव घेत नाही. त्यात कांद्याच्या गोण्या भरलेल्या असताना मागचं चाक पंक्चर होऊन बसलं, की गाडी मागून इतकी दबते की खाली शिरून स्टेपनी ओढायला जागाच उरत नाही. रात्रीची वेळ, सकाळी मार्केट यार्डात लिलाव, आणि आपण रस्त्याच्या कडेला चिखलात आडवे. हौद्यात ठेवावी तर गोण्यांची जागा जाते, आणि माल रचला की तीच सगळ्यात खाली सापडते.

स्टेपनी मागच्या बाजूला बाहेर टांगायची म्हटल्यावर एका ठिकाणी मला सांगितलं होतं, "चेसीसला दोन अँगल वेल्ड करतो, तासाभरात घेऊन जा." तुम्ही मात्र आधी गोणपाट टाकून गाडीखाली गेलात. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोललात ते माझ्या अजून कानात आहे: "चेसीसला टाका लावायचा नाही." मग बसवून समजावलंत. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड बदलतं, आणि भरल्या गाडीचे हादरे बसायला लागले की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून चेसीसला कंपनीचीच जी भोकं आहेत, त्यांच्यावर जाड प्लेटा बसवून 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट घातलेत. उद्या काढायचं म्हटलं तर पाना लावून सगळं निघेल.

खरी मेहनत त्या फिरत्या दांड्यात होती. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, उघडायचा तर स्टेपनी बाजूला सरकली पाहिजे, आणि रिमसकट चाक 25 किलोच्या आसपास. साध्या दाराच्या बिजागरीवर एवढं वजन लोंबकळत ठेवलं तर ती महिन्याभरात झोल देणार. तुम्ही शेजारच्या लेथवाल्याकडून खुंटा कातून आणलात, त्यावर दांड्यासकट फिरणारा हब चढवलात आणि आत उभा-आडवा दोन्ही भार पेलणारी दोन टेपर बेरिंगं समोरासमोर घातलीत, वर ग्रीसला निप्पल. यंत्रमागाचे सुटे भाग करणारा तो लेथवाला आणि तुम्ही तेलुगूत मापांवरून किती वेळ वाद घातलात! मला त्यातलं काही कळलं नाही, पण अर्ध्या मिलिमीटरसाठी दोन माणसं इतकी तळमळून बोलतात हे पाहूनच मी निर्धास्त झालो.

दांड्याचं दुसरं टोक तुम्ही मुद्दाम किंचित वर धरून जोडलंत. चाक चढल्यावर ते भारानं बरोबर खाली येऊन पाचरीच्या टेकूवर बसलं. त्यामुळे रस्त्यावरचा सगळा भार एकट्या बेरिंगवर येत नाही. लॅच लागल्यावरही वरून वेगळी पिन आहेच. उतारावर दांडा आपोआप फिरून कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून उघड्या स्थितीतही एक खिटी ठेवलीत. चौकोनी पाइपची तोंडं बंद केलीत, आणि आत पाणी साचून गंज धरू नये म्हणून खालून बारीक भोक पाडलंत. यातलं निम्मं मी मागितलंच नव्हतं.

पण सगळ्यात मनात राहिलं ते वेगळंच. काम झाल्यावर तुम्ही लांब, पार गेटापर्यंत चालत गेलात, आणि मला ब्रेक दाबायला, इंडिकेटर द्यायला लावलंत. डाव्या लाइटचा कोपरा टायरआड जात होता. मी म्हणालो, चालतंय की. तुम्ही ग्राइंडर उचललात, बसलेली चाकाची प्लेट कापलीत आणि चाक आत सरकवून पुन्हा जोडलीत. "मागून येणाऱ्याला दिसायला नको का?" इतकंच बोललात. तो मागून येणारा कोण, तुम्हाला कुठं ठाऊक होतं!

प्रत्येक नटावरून खालच्या प्लेटपर्यंत तुम्ही पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढलीत. नट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी हवा बघताना मी त्या रेघा बघतो, आणि आता माझी बायकोही बघते.

परवा तिऱ्ह्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. गाडी भरलेली होती. पिन काढली, दांडा फिरवला, चाक कमरेच्या उंचीवरून सरळ हातात. कपड्याला माती लागली नाही आणि लिलावही चुकला नाही. त्या रात्रीच हे पत्र लिहायचं ठरवलं.

अण्णा, लेथच्या कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते माझ्याकडे बाकी आहेत असंच मी धरतो. माझा मेहुणा त्याची पिकअप घेऊन तुमच्याकडे येणार आहे. त्याला घाई फार असते, पण तुम्ही तुमच्याच चालीनं करा, मी त्याला बजावून ठेवलंय. आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली की लेथवाल्या मामांना घेऊन आमच्या रानात हुरड्याला या. गुळभेंडी ज्वारी पेरलीय. शेंगाची चटणी आणि दही घरचंच आहे.

आपला,
बेगमपूरच्या पुढचा पिकअपवाला