सूनबाई घरी येण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अपघातात डोक्याला मार लागलेल्या सूनबाईला पुढच्या आठवड्यात रुग्णालयातून घरी सोडणार, असं तू कळवलंस. "चालते, बोलते, सगळ्यांना ओळखते, मग आता फक्त अशक्तपणा उरला ना?" असंही विचारलंस. त्या प्रश्नासाठीच एवढं लांब लिहिते आहे. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरशील. हे पत्र हाताशी ठेव. बाबांनीही वाचून दोन-तीन गोष्टी घालायला लावल्या आहेत.

डोक्याला जोराचा मार बसतो तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो. कपाळामागे आणि कानशिलांमागे कवटीचा तळ खडबडीत असतो, तिथे तो घासतो. शिवाय मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तंतू इतके बारीक असतात की सीटी स्कॅन जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो आणि तरी माणसाचं वागणं बदललेलं असतं. कपाळामागच्या भागाकडे काम सुरू करणं, त्याचा क्रम लावणं, वेळेवर थांबणं, राग आवरणं ही कामं असतात. कानशिलामागच्या भागाकडे नवी गोष्ट लक्षात ठेवणं. म्हणून हातपाय धड असूनही ती अंघोळीला उठणार नाही, आणि सकाळी सांगितलेलं दुपारी तिच्या कानावरही पडलं नव्हतं असं वाटेल. तुला जिथे आळस, हट्ट किंवा बेपर्वाई दिसेल तिथे आधी इजा शोध. तिला सुधारायला निघण्याआधी खोली, वेळ आणि सांगण्याची पद्धत बदलून बघ.

डिस्चार्जच्या कागदावर ग्लासगो कोमा स्केलचा आकडा असेल. माणूस किती शुद्धीवर आहे याची 3 ते 15 अशी ती मोजणी. 13 ते 15 सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. तो आकडा अपघाताच्या वेळचा आहे, त्यावरून पुढचं भविष्य वाचू नकोस. त्यापेक्षा डॉक्टरांना हे विचार: शुद्धीवर आल्यानंतर रोजच्या घटना सलग लक्षात राहायला किती दिवस लागले? सात दिवसांपेक्षा जास्त लागले असतील तर इजा गंभीर धरतात, आणि सावरायलाही तसाच वेळ द्यावा लागतो. घरी आणण्याआधी आणखी चार गोष्टी लिहून घे: प्रत्येक गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, गिळण्याची तपासणी झाली का, एकटीला किती वेळ ठेवलेलं चालेल, आणि रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.

सगळ्यात आधी थकवा येईल. हा आपल्याला येतो तसा थकवा नाही. पूर्वी जे आपोआप होत होतं, म्हणजे गोंगाटातून एकाचंच बोलणं ऐकणं किंवा चालता चालता उत्तर देणं, त्यासाठी आता तिला पूर्ण लक्ष लावावं लागतं. उत्तरं उशिरा यायला लागली, कपाळ चोळू लागली, शब्द अडखळू लागले, चिडचिड सुरू झाली, की समज, आधीच उशीर झाला आहे. थकल्यावर विश्रांती नको, थकण्याआधी हवी. सुरुवातीला वीस मिनिटं काम आणि पंधरा मिनिटं मंद उजेडाच्या शांत खोलीत पडणं, असा ताल ठेव. मोबाईल बघणं विश्रांतीत धरू नकोस. दुपारची झोप अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत. त्याहून लांबली तर रात्र बिघडते, आणि रात्र बिघडली की दुसऱ्या दिवशी स्मरणशक्ती, तोल, राग सगळंच बिघडतं. अवघड कामं, म्हणजे व्यायाम, अंघोळ, डॉक्टरकडे जाणं, सकाळी. आणि एका दिवशी एकच मोठं काम. एखादा दिवस चांगला गेला म्हणून त्या दिवशी दुप्पट करून घेऊ नकोस. पुढचे दोन दिवस ती अंथरुणात राहील आणि तुला वाटेल की प्रकृती उलटली.

बोलताना टीव्ही आणि पंख्याचा आवाज बंद. समोर ये, नाव घे, एक वाक्य बोल, मग मनात दहापर्यंत मोजत थांब. या दहा आकड्यांत लोक घाई करतात आणि प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारतात. मग तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता काम सुरू न होण्याबद्दल. "काय करायचंय आज?" असा मोकळा प्रश्न तिला सर्वांत जड जाईल, कारण त्यात शोधणं, निवडणं आणि सुरू करणं हे तिन्ही आलं. दोन पर्याय दे: "आधी केस विंचरायचे की आधी चालायचं?" अंघोळीसारख्या कामाचे तुकडे कर आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दारावर चिकटव: टॉवेल आणि कपडे खुर्चीवर ठेव, पाणी हाताने तपास, खुर्चीवर बस, डोकं, अंग, पाय, पुस, कपडे घाल. पहिल्या दिवसांत तू प्रत्येक ओळ वाचून दाखव. मग फक्त बोट दाखव. मग दाराबाहेर उभा राहा. मदत शेवटच्या पायरीपासून काढत ये, पहिल्यापासून नको. कपडे घालणं तिने स्वतः पुरं केलं की ते काम तिच्या हाताने संपतं, आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात थोडी सोपी होते. बाथरूममध्ये खुर्ची, भिंतीला पकडायला दांडी, न घसरणारी चटई आणि आतून कडी न लागणारं दार, एवढं तिच्या येण्याआधीच कर. पुन्हा पडणं परवडणार नाही.

स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नकोस. "आठव बघू, काल कोण आलं होतं?" हे प्रेमाने विचारलं तरी नुकसान करतं. ती अंदाजाने चुकीचं उत्तर देईल, आणि अशा इजेत चूक झाली हे ती लगेच विसरते, पण चुकीचं उत्तर मात्र मनात रुजतं. म्हणून नवी गोष्ट शिकवताना चुकायची संधीच ठेवायची नाही. समजा, गोळ्यांचा डबा कुठे असतो हे शिकवायचंय. "डबा उशाशी असलेल्या खणात आहे. कुठे आहे?" लगेच विचार. मग तीस सेकंदांनी, एका मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात दुसरं काही बोल. चुकली तर लगेच बरोबर उत्तर सांग, तिच्याकडून एकदा वदवून घे, आणि जिथे शेवटचं बरोबर आलं होतं त्या अंतरावर परत जा. एका वेळी एकच गोष्ट. दहा गोष्टी एकदम शिकवायला गेलास तर एकही राहणार नाही.

बाकी सगळं डायरीवर सोपव. डायरी एकच, रंग ठळक, जागा ठरलेली. आज कोणता वार, कोण घरी, कोण बाहेर, किती वाजता काय, आणि झालेल्या गोष्टीपुढे खूण. ती विचारेल तेव्हा उत्तर देण्याऐवजी "डायरीत बघू या" म्हण आणि तिच्याबरोबर बघ. मोबाईलचा गजर लावशील तर त्यावर शब्द लिही, "गोळी घे, डायरीत खूण कर." नुसती घंटा वाजली तर ती बंद होईल आणि कशासाठी होती हे ती विसरून जाईल. कधी ती न घडलेली गोष्ट घडल्यासारखी सांगेल. ते खोटं बोलणं नव्हे. मेंदू मोकळी जागा स्वतःच भरतो. "तसं झालंच नाही" म्हणून भांडू नकोस, विषय हळूच बदल.

रागाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण घरं इथेच मोडायला येतात. 1848 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, चालला, बोलला. पण ओळखीचे म्हणू लागले, हा आता गेज राहिला नाही. सगळीकडे एवढंच सांगतात. पुढे तो चिलीमध्ये काही वर्षं प्रवाशांची घोडागाडी चालवत होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. काही अभ्यासकांना वाटतं की ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोजची तीच कामं यांनीच त्याला पुष्कळ सावरलं. मलाही तसंच वाटतं. दिनक्रम हे औषधच समज.

तरी भडका उडेलच. त्या क्षणी समजावू नकोस, "असं का वागतेस?" विचारू नकोस. एकाच माणसाने बोलायचं, हळू आवाजात, दोन-तीन शब्दांत. हातभर अंतर ठेव, दारात उभा राहू नकोस, तिला बाहेर पडायची वाट असू दे. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठव, उजेड आणि आवाज कमी कर. वीस-तीस मिनिटांनी शांत झाल्यावर नेहमीसारखा वाग. माफी मागायला लावू नकोस. मग वहीत तीन गोष्टी लिही: आधी काय चाललं होतं, काय झालं, नंतर काय केलं. दोन आठवड्यांत धागा दिसतो. भूक, दुखणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, चार माणसांचं एकदम बोलणं, बहुतेक वेळा यातलंच काही निघतं. कधी कारण गोळीत असतं: फिटसाठी दिलेल्या लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. ती आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना वही दाखव. सर्दीच्या किंवा झोपेच्या साध्या गोळ्यांनीही असा मेंदू गोंधळतो. विचारल्याशिवाय एकही देऊ नकोस.

आणि तिला स्वतःत काही बिघडलंय हेच कदाचित कळणार नाही. ती "मला काही झालेलं नाही, गाडीची किल्ली दे" म्हणेल. वाद घालून पटणार नाही. किल्ली नजरेआड ठेव, आणि "डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत नाही" असं दरवेळी त्याच शब्दांत सांग. दारू पूर्ण बंद: फिटचा धोका वाढतो आणि तोलही जातो.

जेवताना ताठ बसव, नंतर अर्धा तास आडवी होऊ देऊ नकोस. छोटा घास, एक घोट, गिळल्यावर पुढचा. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता आला, गालात अन्न साचलं, किंवा वारंवार बारीक ताप आणि खोकला आला, तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. खोकला न येताही ते जातं, म्हणून ठसका नाही यावर विसंबू नकोस. पाणी घट्ट करून द्यायचं का, हे स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलणं आणि गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने, तपासूनच ठरवायचं.

फिट आली तर घड्याळ बघ. कुशीवर वळव, डोक्याखाली मऊ काही ठेव, गळ्याचा कपडा सैल कर. हातपाय दाबून धरू नकोस, तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नकोस. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, किंवा नंतर श्वास नीट नसेल तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स. महिने, वर्षं उलटल्यावरही फिट येऊ शकते. गेजला अपघातानंतर अकरा-बारा वर्षांनी फिट येऊनच मरण आलं. म्हणून "आता बरी आहे" म्हणून गोळी अचानक थांबवायची नाही.

याशिवाय डोकेदुखी वाढत जाणं, वारंवार उलट्या, नेहमीपेक्षा जास्त सुस्ती किंवा उठवायला कठीण जाणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस. काही वेळा कवटीच्या आत रक्त हळूहळू साचून कित्येक आठवड्यांनी त्रास सुरू होतो, तेव्हा "मार बसून महिना झाला" असं स्वतःला समजावू नकोस.

मुलांना खरं सांग, त्यांच्या भाषेत: आईच्या डोक्याला आतून लागलंय, म्हणून ती विसरते आणि लवकर चिडते, तुमच्यामुळे नाही. शेवटचे दोन शब्द रोज सांगितलेस तरी जास्त होणार नाहीत.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त वेगाने होते, पुढे हळू, पण वर्षांनंतरही होत राहते. एक वर्ष झालं, आता संपलं, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. तिची मनःस्थिती दोन आठवडे सलग खालावलेली दिसली तर डॉक्टरांना सांग. अशा इजेनंतर नैराश्य फार येतं आणि ते उपचाराने बरं होतं. तुझंही तेच. रात्री तू जागणार, नोकरी करणार, तिला सांभाळणार, महिनाभरात मोडशील. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना नेमकं काम दे: मंगळवारी संध्याकाळी दोन तास बसायचं, गुरुवारी गोळ्या आणायच्या. आणि दिवसातली अर्धी घटका अशी ठेव की त्यात तू तिची परीक्षा घेत नाहीस, व्यायाम करून घेत नाहीस, नुसता शेजारी बसतोस.

पहिले दोन आठवडे कोणालाही घरी बोलावू नकोस, आम्हालाही नाही. नंतर बाबा एका दिवशी येतील, मी दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, पंधरा मिनिटं. तिला आदल्या दिवशी सांग आणि डायरीत लिहून ठेव.

तुझी,
आई