शनिवारची तासांची अदलाबदल, विसरू नका
ग्लासगोकर मंडळी, शनिवारी दुपारी 2 ला नेहमीच्या हॉलमध्ये या. नियम तोच, एका तासाच्या मदतीला एका तासाची मदत, मग शिलाई असो की इंग्रजी बोलायचा सराव. आणि प्लीज, कुणाच्या हातात पैसे किंवा गिफ्ट व्हाउचर देऊ नका, अगदी प्रेमाने पण नको, कारण आपल्याकडे येणाऱ्या, आश्रयासाठी (असायलम) अर्ज केलेल्यांना इथे कामाची परवानगी नसते, 12 महिने निकाल रखडला तरच ती मागता येते, आणि आपल्या व्हाउचरमुळे ते काम धरलं गेलं तर त्रास त्यांनाच होणार. देश का सोडला हे विचारू नका, आपणहून बोलले तर ऐका. मागच्या वेळी सुदानच्या ताईंनी माझ्या ब्लाउजची बाही इतकी सुंदर बसवली, त्यांना यावेळी जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) फोन कसा करायचा ते शिकायचंय, कोण बसेल?