आईच्या ६.८ टीएसएचबद्दल

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर आईच्या थायरॉइडचा रिपोर्ट वाचताना तुम्ही "टीएसएच अडुसष्ट" म्हणालात आणि मी उभी होते ती खालीच बसले. रात्री तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ६ आणि ८ च्या मध्ये पुसट छापलेलं टिंब दिसलं. ६.८. जीवात जीव आला. पण सकाळी आईचा फोन आला, "मला थायरॉइड निघाला गं, म्हणूनच इतकं थकायला होत होतं." तिच्या आवाजात काळजीपेक्षा सुटकाच जास्त होती. त्या आवाजामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं.

आई, तुझ्या रिपोर्टात आकडे तीन आहेत. टी-३ आणि टी-४ ही थायरॉइड बनवते ती हार्मोन्स. त्यातलं टी-३ ठीक आहे. फ्री टी-४ १.२ आहे, त्याची छापलेली मर्यादा ०.८ ते १.८, म्हणजे तेही ठीक. फक्त टीएसएच ४.५ या छापलेल्या वरच्या मर्यादेच्या वर गेलंय. आता हे टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. ती गळ्यातल्या थायरॉइडला हाक मारत असते की अजून टी-४ बनव. थायरॉइड जरा मंदावली की हाकेचा आवाज चढतो, आणि तो फार पटकन चढतो. टी-४ इतकं किंचित घसरलेलं असतं की रिपोर्टात ते मर्यादेतच दिसतं, पण तेवढ्यानेही टीएसएच दुप्पट झालेलं असू शकतं. तुझ्या ६.८ चा अर्थ मला एवढाच दिसतो की ग्रंथीला थोडं जोरात बोलवावं लागतंय, पण बोलावल्यावर ती काम पुरं करतेय. डॉक्टर याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात.

आणि ती ४.५ ची रेघ. निरोगी माणसांच्या तपासण्या करून त्यातले मधले ९५ टक्के ज्या आकड्यांमध्ये बसतात, ती मर्यादा म्हणून छापतात. म्हणजे काही धडधाकट माणसं त्या रेघेबाहेर असणारच. शिवाय वयाबरोबर टीएसएच थोडं वर सरकतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत विशीतल्या लोकांची वरची मर्यादा ३.५ च्या आसपास निघाली आणि ८० च्या पुढच्यांची ७.५ च्या आसपास. लॅबच्या कागदावर मात्र सगळ्यांना एकच रेघ असते. तू ७४ वर्षांची आहेस. तुझं ६.८ अगदी नॉर्मल आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण पंचविशीतल्या मुलीचं ६.८ आणि तुझं ६.८ एकाच तराजूत घालता येणार नाही.

शिवाय तपासणी कधी झाली ते आठव. छातीत कफ होऊन आठवडाभर ताप आला होता, त्यातून उठून तुला दोन आठवडेही झाले नव्हते. मोठ्या आजारपणातून शरीर सावरत असताना टीएसएच काही काळ चढतं आणि मग आपोआप उतरतं. टीएसएच दिवसभरातही एकसारखं नसतं, रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून एका तपासणीवर आयुष्यभराची गोळी ठरवू नये, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावं, असंच सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. ४.५ ते १० च्या मधले कितीतरी आकडे दुसऱ्या वेळी खाली आलेले दिसतात.

डॉक्टरांनी थायरॉक्सिनची, म्हणजे बाहेरून टी-४ देणारी, २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिलीय आणि तुम्ही ती अजून आणलेली नाही, म्हणूनच घाईने लिहितेय. आत्या म्हणाली, "मी वीस वर्षं घेतेय, काही होत नाही." पण आत्याची ग्रंथी ऑपरेशन करून काढलेली आहे. तिच्या शरीरात दुसरीकडून टी-४ येण्याची सोयच नाही. तिने ती गोळी एक दिवसही चुकवू नये. तुझी ग्रंथी जागेवर आहे आणि काम करतेय.

आई, तुझ्यासारख्याच लोकांवर या गोळीचा नीट अभ्यास झालाय, तो मी वाचला. युरोपातल्या चार देशांतले ६५ च्या पुढचे ७३७ लोक, सगळ्यांचं टीएसएच असंच थोडं वाढलेलं, सरासरी ६.४. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. वर्षभराने गोळीवाल्यांचं टीएसएच ३.६ पर्यंत उतरलं. पण थकवा? दोन्ही गटांत सारखाच राहिला. २०१७ साली हे निष्कर्ष आले. कागदावरचा आकडा सुधारला, माणसाला काही फरक जाणवला नाही. मी ते दोनदा वाचलं, कारण तू फोनवर किती आशेने बोलत होतीस ते कानात होतं.

गोळी जास्त झाली तर त्रासही होतो. उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हाडं झिजतात. तुझ्या हाडांची घनता आधीच कमी आहे, मनगट मोडलं तेव्हा कळलंच ना. म्हणून मला इतकी धाकधूक वाटते.

मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरांशी भांडायला तुम्हाला सांगत नाही. त्यांना एवढंच विचारा: "ताप नुकताच येऊन गेला होता, तर तीन महिने थांबून पुन्हा तपासलं तर चालेल का? आणि त्या वेळी अँटी-टीपीओ अँटीबॉडीही बघायच्या का?" या अँटीबॉडी म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रथिनं. या दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे १९७२ पासून वीस वर्षं लोकांच्या थायरॉइडकडे लक्ष ठेवलं होतं. टीएसएच वाढलेलं आणि अँटीबॉडीही असलेल्या शंभर बायकांमधल्या दरवर्षी साधारण चार जणींची ग्रंथी पुढे खरोखर कमी पडली. नुसतं टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण अडीचच्या आसपास होतं. अँटीबॉडी निघाल्या तर घाबरायचं नाही, फक्त दरवर्षी तपासणी चुकवायची नाही. टीएसएच १० च्या वर गेलं किंवा फ्री टी-४ खाली आलं, तर मात्र गणित वेगळं. तेव्हा मीच तुला गोळी घे म्हणेन. मग सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, खाण्याआधी अर्धा ते एक तास. तुझी कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी, नाहीतर ही नीट शोषली जाणार नाही.

बाबा, पुढच्या तपासणीला त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच वेळेला जा. आई केस गळतात म्हणून ज्या गोळ्या घेते त्यांच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे, मी पाकीट बघितलंय. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं. दोन-तीन दिवस आधी त्या बंद ठेवा आणि लॅबवाल्यांना सांगाही. मध्येच आईचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, नाडी फार मंद वाटली किंवा ती दिवसाही गुंगल्यासारखी राहू लागली, तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

आता जे खरं सांगायचंय ते. आई, तू थकतेस हे मला ठाऊक आहे, मी ते खोटं ठरवत नाहीये. पण थायरॉइड हे नाव एकदा चिकटलं की दुसरं काही कुणी शोधणारच नाही, ही माझी भीती आहे. तुझं हिमोग्लोबिन या रिपोर्टात नाही. बी-१२ नाही. तेही त्याच वेळी तपासून घेऊ. आणि बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आता पाच महिने झाले. या पाच महिन्यांत तू एकदा तरी सलग सहा तास झोपलीस का? मागच्या खेपेला मी शेजारच्या खोलीत जागी होते. रात्री तीनदा दिवा लागला आणि तिन्ही वेळा तू उठलीस, बाबांना आधार देऊन नेलंस आणि आणलंस. सकाळी विचारलं तर म्हणालीस, "त्यात काय, सवय झालीय." बाबा, तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. तुम्ही हाकही मारत नाही, तीच चाहूल लागली की उठते.

मी पुढच्या महिन्यात पंधरा दिवसांची रजा घेतलीय. आल्या दिवसापासून रात्री बाबांच्या खोलीत मी झोपणार आणि आईने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. चाहूल लागली तरी उठायचं नाही. पंधरा दिवस झोप झाल्यावर तिला कसं वाटतं ते बघू. त्यानंतरही रात्रीसाठी कुणीतरी ठेवायला हवं, तो विषय आल्यावर बोलू. बाबा, तोवर उशाशी घंटी ठेवायला हरकत नाही ना? नाहीतर ती नुसती चाहूल घेत पडून राहील.

तुमची,
लेक