फ्लोरोसिसचे डाग: आधी निदान, मग पांढरेपणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की इंदूरमध्ये ‘एका बैठकीत शुभ्र दात’ अशा जाहिराती जागोजागी झळकू लागतात. चहा-तंबाखूने पिवळ्या पडलेल्या दातांसाठी ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने दात उजळवणे, ठीक आहे. परंतु धार-झाबुआकडे बोअरवेलच्या पाण्यावर वाढलेली मुले-मुली फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे, डाग घेऊन त्याच दवाखान्यांच्या दारात जातात, तेव्हा त्यांना पुरती कल्पना दिली जात नाही, म्हणून हे पत्र.

हे डाग वरून चढलेले नसतात. जबड्यात दात घडत असताना, साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पोटात जादा फ्लोराइड गेले की इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, आतून सच्छिद्र राहते आणि दात उगवल्यावर त्यात हळूहळू तपकिरी रंग मुरतो. राखुंडी, मीठ, लिंबू किंवा खाण्याचा सोडा घासून तो निघत नाही. इनॅमल मात्र झिजते.

माझ्या भाचीच्या पुढच्या दातांवर खडूसारखे आडवे पांढरे पट्टे आणि त्यांत तपकिरी ठिपके होते. ब्लीचिंगने ठिपके फिके झाले खरे, पण पट्टे पूर्वीपेक्षा उठून दिसू लागले. त्यावर त्याच दवाखान्यात सहा दातांना कॅप बसवण्याचा सल्ला मिळाला. विशीतल्या मुलीचे धडधाकट दात कायमचे तासायचे आणि त्याआधी दुसरा एकही पर्याय सांगायचा नाही, हे मला मुळीच पटत नाही. पुढे दुसऱ्या दंतवैद्यांनी आम्ल आणि प्युमिस या दगडाच्या भुकटीच्या लेपाने इनॅमलचा अगदी पातळ थर घासून काढला आणि उरलेल्या पट्ट्यांत रेझिन हा राळेसारखा पातळ पदार्थ मुरवला. छिद्रे रेझिनने भरली की प्रकाश विखुरणे कमी होते आणि पट्टा आजूबाजूच्या इनॅमलमध्ये मिसळून जातो. आज तिचे दात जाहिरातीतल्यासारखे पांढरेशुभ्र नाहीत, पण ती तोंडावर हात न ठेवता हसते. डाग खोल असतील, दातांना खड्डे पडले असतील, तर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण) किंवा व्हिनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) लागतेच. पण तो शेवटचा टप्पा असावा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. असा रुग्ण समोर आला की लहानपणी कुठले पाणी प्यायलात आणि घरातली धाकटी भावंडे आज कुठले पितात, हे विचारलेच पाहिजे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. पाणी उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. आरओ फिल्टरने मात्र बरेच कमी होते. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत तर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने केव्हाच विकसित केली आहे.

इंदुरात नर्मदेचे पाणी 1978 पासून येत असले, तरी अनेक वसाहती अजून बोअरवेलवर आहेत. तेथील पाण्याची फ्लोराइड तपासणी करून तिचे आकडे महापालिकेने टाकीजवळच फलकावर लावावेत, आणि दंतवैद्यांनी कॅपचा दर सांगण्यापूर्वी सर्व पर्याय, त्यांचा खर्च व मर्यादा रुग्णाला लेखी द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर