कवळी टोचते म्हणून डबीत ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात इम्प्लांटच्या (जबड्याच्या हाडात पक्के बसवायच्या दातांच्या) पानभर जाहिराती येतात पण साध्या कवळीबद्दल चार ओळी कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र. मी ६७ वर्षांची, सोलापूरची, गेल्या दिवाळीनंतर वरखालची पूर्ण कवळी बसवली. आमच्या थोरल्या दिरांची कवळी तीन वर्षं स्टीलच्या डबीत पडून आहे, विचारलं की म्हणतात टोचते, लग्नकार्यात फोटोपुरती तेवढी बाहेर निघते. माझीही तीच गत होणार होती.

पहिले काही दिवस तोंडात चमचा राहून गेल्यासारखं वाटायचं, लाळ सारखी सुटायची आणि स नि फ ची तर पार वाट लागली, नातवाला "सायकल सावकाश" म्हणाले तर पोरगं हसून लोळलं. डॉक्टर म्हणाले रोज मोठ्याने वाचा, मग तुमचाच अग्रलेख वाचायला लागले (घरच्यांनी दोन दिवस सहन केला, तिसऱ्या दिवशी मला गॅलरीत पाठवलं). दोन-तीन आठवड्यांत जीभ वळली.

खरा त्रास खालच्या हिरडीचा, आतल्या बाजूने जखम झाली. घरात सगळ्यांचं एकच, होईल सवय. शेजारचे काका म्हणाले पॉलिश पेपरने घासा, नशीब मी हात लावला नाही, घरी घासून कवळी बिघडते ती बिघडतेच. दुखतं म्हणून आठ दिवस काढून ठेवली आणि मग डॉक्टरकडे गेले तर जखम भरलेली, कुठे घासायचं तेच कळेना! तेव्हा समजलं की दाखवायला जाण्याआधी काही तास तरी घालून ठेवायची असते म्हणजे कुठे रुततेय ती लाल खूण दिसते आणि तेवढीच जागा ते घासून देतात. पुढच्या दोन फेऱ्यांत काम झालं. अहो ही एवढीशी गोष्ट कवळी हातात देतानाच सांगायला काय हरकत होती? पण बाहेर पेशंटची लाईन.

खालची कवळी हलते हा माझाच दोष असं मी धरून चालले होते. वरची टाळूला चिकटून बसते, खालचीला तेवढी जागाच नसते आणि त्यात जीभ तिला ढकलत राहते. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात जास्तच, त्यामुळे आधी नीट बसणारी कवळी नंतर ढिली होते, ती आतून भरून घ्यावी लागते, त्याला रिलाइनिंग म्हणतात. दिरांचं बहुतेक तेच झालंय पण ते ऐकतील तर ना.

खाण्याचं म्हणाल तर घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. शेंगा चटणी सोलापूरकराला सोडवत नाही पण तिचा एक कण कवळीखाली गेला की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून मी ती दह्यात कालवते. चहा जपून प्या, टाळू झाकलेली असल्याने गरम किती ते कळत नाही आणि थेट घसा भाजतो.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवते, हिरड्यांना पण आराम पाहिजे. उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकते. टूथपेस्टने चरे पडतात, मी मऊ ब्रश आणि साबण वापरते, आणि धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवते, हातातून निसटली तरी फुटत नाही.

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या दंतवैद्याकडून यावर नीट लिहून घ्याल का? अक्षरं मोठी छापा. कात्रण दिरांच्या डबीवर चिकटवायचंय.

कडक भाकरी मात्र अजून जमत नाही, आमटीत बुडवून खाते.

आपली एक वाचक,
सोलापूर